नको म्हटलेलं जेवण

अकोल्याच्या धान्यबाजारात मी मापारी आहे. शेतकऱ्याच्या मालाचा हर्रास, म्हणजे लिलाव, झाला की माल काट्यावर चढवायचा, आकडा मोठ्याने सांगायचा, पोत्याचं म्हणजे बारदानाचं वजन वजा करायचं आणि पुढच्या कट्ट्याकडे, म्हणजे भरलेल्या पोत्याकडे, वळायचं. सत्तावीस वर्षं हेच केलं. तूर, हरभरा, सोयाबीन, ज्वारी. भरलेल्या कट्ट्याला नुसता हात लावून मी अर्ध्या किलोच्या फरकाने वजन सांगतो आणि त्याचा मला थोडा माजही आहे. स्वतःच्या वजनाचं कोणी विचारलं तर मात्र "असेल नव्वदच्या आसपास" असं मी कितीतरी वर्षं सांगत आलो होतो. ते खोटं आहे हे मला ठाऊक होतं, पण सिद्ध करायला कोणी आलं नव्हतं.

सिद्ध केलं आमच्या एका म्हाताऱ्या हमालाने. तुरीचे दिवस होते, दुपारी जरा शांतता होती. तो म्हणाला, "मापारीभाऊ, आजवर दुनियेले मोजलं तुमी. आता जरा तुमी चढा न काट्यावर." सगळे हसायला लागले. नाही म्हणायची सोय राहिली नाही. मी चढलो. त्याने आकडा वाचला आणि अगदी माझ्या आवाजात, माझ्या हेलात ओरडला, "एक क्विंटल बावीस किलो चारशे!"

सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "बारदान वजा कर."

हमालांना हसून हसून खोकला लागला. मीही हसलो. मग तुरीच्या थप्पीमागे जाऊन बसलो, तर कपाळावर घाम आला होता आणि तिथून काट्यापर्यंतची पंधरा पावलं चालून मला धाप लागली होती. ती धाप रोजचीच होती. त्या दिवशी मी ती पहिल्यांदा ऐकली.

घरी येऊन बायकोला हा किस्सा रंगवून सांगितला. ती हसली नाही. तिचे बाबा, म्हणजे माझे सासरे, अमरावतीला राहायचे. माझ्यासारखेच आडवे, मोठ्या पोटाचे, मोठ्या हसण्याचे. वर्षभरापूर्वी हृदयविकाराने गेले होते. तिने ताटातला भाताचा ढीग जरा मोडला आणि म्हणाली, "बाबा पन असेच हसत हसत सांगे." मी तिसऱ्यांदा भात घेतला नाही, एवढीच काय ती सुधारणा.

डॉक्टरीणबाई माझ्या भाचीच्या वयाच्या. कागद पाहून म्हणाल्या, साखर उंबरठ्यावर आहे, रक्तदाब उंबरठा ओलांडून आत आलाय, यकृतावर चरबी आहे. मी विचारलं, "महिनाभरात किती उतरवू?" त्या म्हणाल्या, "काका, महिनाभरासाठी काहीच सोडू नका. जे मरेपर्यंत करता येईल तेवढंच करा." मला मरेपर्यंत हा शब्द आवडला नाही. मी तापट माणूस आहे. दाराबाहेर आल्यावर बायकोला म्हटलं, "काय मुदत देऊन राहिली का मले ही पोरगी?"

आणि मग मी माझी अक्कल चालवली. चूक अस्सल आपल्या इकडची होती. मी उपास धरले. सोमवार, गुरुवार, शनिवार, दोन्ही एकादशा आणि चतुर्थी. महिन्यातले निम्मे दिवस न जेवता काढले तर वजन जाईल कुठे, असा साधा हिशेब. सकाळी साबुदाण्याची उसळ, वरून शेंगदाण्याचं कूट. दुपारी आलूचा कीस. संध्याकाळी भगर आणि दाण्याची आमटी. मध्ये काही नको म्हणून फक्त चार-पाच शेंगदाण्याचे लाडू. अमरावतीला सासूबाईंना कळलं तर त्यांना भरून आलं. जावई देवाधर्माला लागला म्हणून त्यांनी राजगिऱ्याच्या वड्यांचा डबाच पाठवून दिला. महिन्याने मी चपला काढून, खिसे रिकामे करून काट्यावर चढलो. अडीच किलो वाढलं होतं. आधी देवावर चिडलो, मग साबुदाण्यावर, आणि घरी येऊन बायकोवर.

त्यानंतर मुकाट्याने त्या पोरीचं, म्हणजे डॉक्टरीणबाईंचं ऐकायला लागलो.

काही मोठं केलं नाही. मोठं करता येत नाही मला. बाजारात मी दिवसाला अकरा चहा पीत होतो, कारण प्रत्येक अडत्याच्या, म्हणजे दलालाच्या, ओट्यावर चहा येतो आणि नको म्हटलं तर त्याला वाटतं मापारी कशावर तरी नाराज आहे. मग मी कट घ्यायला लागलो, अर्धा कप, तोही बिनसाखरेचा, आणि अकराचे चार केले. पहिल्या आठवड्यात चहावाला माझ्याकडे कोणीतरी वारल्यासारखा पाहायचा. घर ते बाजार अडीच किलोमीटर, ते मोटारसायकलऐवजी पायी. अकोल्याच्या उन्हात हे सकाळी सातच्या आतच जमतं, म्हणून लवकर उठणं आलं, म्हणून लवकर निजणं आलं, म्हणून रात्रीचं जेवण संध्याकाळी आलं. एक धागा ओढला तर सगळंच सरकलं. वरणावर कच्च्या तेलाची धार सोडायची आमची पद्धत, ती धार चमच्यावर आणली. भाकरी दीड, भाजी वाटीभरून, भात रविवारी.

सगळं सरळ गेलं असंही नाही. लग्नसराईत पंगतींनी मला घोळात घेतलं आणि पाच किलो परत आलं. शरमेने दोन महिने मी डॉक्टरीणबाईंकडे फिरकलो नाही. शेवटी बायकोने ओढत नेलं. आता ही पोरगी झाडणार म्हणून मी मान खाली घालून बसलो, तर ती म्हणाली, "परत आलात ना काका, झालं मग." मला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. रागावली असती तर मीही रागावलो असतो आणि उठून गेलो असतो.

आता अमरावतीकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथलीच आहे.

सासरे गेल्यापासून दर रविवारी आम्ही दोघं अमरावतीला जात होतो. बायको एकुलती एक. सासूबाई दोन खोल्यांच्या घरात एकट्या. मी त्यांना मामी म्हणतो. लहानखुऱ्या, चटपटीत. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी माझ्यासमोर पदर सावरल्याशिवाय आल्या नाहीत आणि मला जवाईबापू सोडून दुसरी हाक मारली नाही. माझ्याशी बोलायचा त्यांचा रस्ता एकच होता, वाढणं. कसे आहात, दमलात का, पोरीची काळजी घेता त्याबद्दल तुमचं चांगलं होवो, हे सगळं त्या पोळीवरच्या तुपातून सांगत असत.

आमच्याकडे "पुरे" हा शब्द कोणी ऐकावा म्हणून म्हणत नाहीत. पहिलं पुरे म्हणजे रीत, दुसरं पुरे म्हणजे लाज, आणि तिसऱ्या पुरेनंतर वाढणाऱ्याला वाटतं, आता कुठे हा माणूस जेवायला बसला. सासरे आणि मी शेजारी बसायचो. ते माझ्या ताटात पोळी टाकायचे, मी त्यांच्या. मामी दोघांच्याही. ती जेवणं मला फार आवडायची, हे लिहिताना अजूनही आवडतायत.

त्यामुळे तिथे नको म्हणणं मला सगळ्यांत जड गेलं. पहिल्या रविवारी मी ताटावर दोन्ही हात आडवे धरले. मामींनी तव्यावरची पोळी आणली आणि सरळ माझ्या हातांवर ठेवली. चटका बसला. मी हात काढले, पोळी ताटात पडली, मी ती खाल्ली. दुसऱ्या रविवारी मी जरा ठामपणे म्हटलं, "मामी, खरंच नको." त्या आत गेल्या आणि बायकोला हळूच विचारताना मला ऐकू आलं, "माह्या हातची चव गेली का वो? का जवाईबापू कशावर रागावले?" मला इतकं वाईट वाटलं की मी पाठोपाठ दोन मागून खाल्ल्या आणि परतताना मूर्तिजापूर येईपर्यंत बायकोशी भांडलो.

शेवटी बायकोनेच फोनवर आईला सांगितलं. सरळ सांगितलं, की यांचं बाबांसारखं व्हायला नको. पुढच्या रविवारी मामींनी दोन पोळ्या वाढल्या, तिसरी हातात धरून उभ्या राहिल्या, मी नको म्हटलं आणि त्या "बरं बापा" म्हणून आत गेल्या. मला जिंकल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी बाजारात मी सगळ्यांना सांगत होतो, की माणसाने ठरवलं तर सासुरवाडीतसुद्धा नको म्हणता येतं.

पुढच्या दीड वर्षात माझं वजन अठ्ठ्याण्णववर आलं. पँटी दोनदा आवळून घेतल्या. धाप गेली, घोरणं गेलं, बायको म्हणते स्वभावही एक-दोन किलोने उतरला. दर रविवारी मामी माझ्याकडे पाहून समाधानाने मान हलवायच्या. मी त्यांच्याकडे पाहत नव्हतो. दुरून कट्टा पाहून वजन सांगणारा मी, पण समोरच्या माणसाकडे दीड वर्षं पाहिलं नाही.

मग एका मंगळवारी बडनेऱ्याला माझ्या मावसभावाच्या मुलीचं लग्न होतं. दुपारचं लग्न, बायकोला बरं नव्हतं म्हणून एकटाच गेलो. पंगतीत जेमतेम जेवलो आणि वाटलं, इतक्या जवळ आलोय तर मामींना भेटून यावं. फोन केला नाही. दार नुसतं ओढून घेतलेलं होतं. मी चपला काढून आत गेलो.

मामी स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवत होत्या. ताटात वांग्याची भाजी, तेल गोठून पांढरं झालेलं. तीन पोळ्या, कडा वाळून वर वळलेल्या. वाटीत शेवयांची खीर, साय धरलेली. मी ते जेवण ओळखलं. ते रविवारचं होतं. त्यातलं बरंचसं मी दोन दिवसांपूर्वी नको म्हटलेलं होतं.

मला पाहून त्यांनी ताटावर पदर ओढला आणि उठायला गेल्या. ओट्याला धरून एकदा प्रयत्न केला, नाही जमलं, दुसऱ्यांदा उठल्या. मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. चेहरा गोल झालेला, घोटे सुजलेले, लहानखुरी बाई अंगाने दुप्पट झालेली. दोन पावलं टाकून त्या धापल्या. ती धाप माझ्या चांगल्या ओळखीची होती.

"मामी, हे परवाचं आहे," मी म्हटलं.

"हाव. पन चांगलं आहे अजून. वास पाहिला म्या."

"रोज हेच खाता?"

"रोज काहून? बुधवारपर्यंत पुरते. मंग ताजं करतो."

त्यांनी फ्रिज उघडून मला पाणी दिलं. आत स्टीलचे डबे एकावर एक रचून ठेवले होते. मी विचारलं, इतकं उरतं तर कुणाला देऊन का टाकत नाही. त्या म्हणाल्या, "भांडेवालीले शिळं द्याले जिवावर येते, बापा. माह्यासारखीच बाई आहे थे. गायी येत होत्या दारात, समोर फ्लॅट झाले तं त्याही येत नाईत. आन अन्न काही फेकता येते का?"

मला तेव्हा सगळं समजलं. आधी उरलेलं सासरे संपवायचे. मग मी संपवायला लागलो. मग मी नको म्हणायला शिकलो, हुशार झालो, बाजारात छाती फुगवून सांगायला लागलो, आणि मी ताटातून परतवलेली प्रत्येक पोळी मामींनी सोमवारी, मंगळवारी, बुधवारी एकटीने खाल्ली. माझं वजन कुठे गेलं हे मला त्या स्वयंपाकघरात दिसलं. इतकी लाज मला काट्यावर चढून वाटली नव्हती.

"मग कमीच करा ना मामी," मी म्हटलं. अगदी सोपं वाटलं मला ते.

मामींनी माझ्याकडे जरा रागाने पाहिलं. मग कणकेचा डबा ओढला, झाकण काढलं आणि आत दोन्ही हातांची ओंजळ धरून दाखवली. त्यांचं माप ओंजळीचं होतं. वाटी नाही, पेला नाही. "ही माही," त्या म्हणाल्या. "ही पोरीची. ह्या दोन तुमच्या." आणि मग त्यांनी आणखी दोनदा ओंजळ भरली आणि डब्यात सोडून दिली.

"आणि या दोन?"

"त्यायच्या," त्या म्हणाल्या.

डब्यातली कणीक त्या हाताने सारखी करत राहिल्या. "थे गेले त्याले आता तीन वर्सं झाले. एक दिवस नाई टाकल्या, तं परात रिकामी रिकामी दिसली मले. मंग टाकल्याच. तवापासून टाकतोच रोज. तुमी येवा, नाई येवा."

रोज. म्हणजे नुसत्या रविवारचा प्रश्न नव्हता. गेल्या तीन वर्षांत रोज त्या सासऱ्यांच्या वाटणीचं मळत होत्या, लाटत होत्या, भाजत होत्या आणि तेही स्वतःच खात होत्या.

मी काहीतरी बोलणार होतो, पण त्याच बोलल्या. "डॉक्टरनं त्यायले कमी खा म्हन्लं होतं. शेवटी शेवटी थे खरंच पुरे म्हनत जाय. हात आडवा धरे तुमच्यासारखा. आन मी म्हनो, येक खाल्ली तं काय होते. पोरीनं तुमच्याबद्दल फोन केला न, तवापासून मले झोप नाई येत बरोबर. मीच चारून चारून..."

आमच्याकडे जावई सासूचा हात धरत नाही. मला त्या दिवशी फार धरावासा वाटला. धरला नाही. मी नुसता त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो, ताटावरची एक वाळलेली पोळी उचलली आणि त्या गोठलेल्या भाजीशी खाल्ली. लग्नात जेवून आलो होतो तरी खाल्ली. मामी पाहत राहिल्या. दुसरीचा आग्रह त्यांनी केला नाही.

अकोल्याला येऊन बायकोला सांगितलं तर ती रडली. दर रविवारी पाहून तिलाही ते दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मामींना अकोल्याला आणलं आणि आमच्याच डॉक्टरीणबाईंना दाखवलं. साखर चांगलीच वाढलेली निघाली. गुडघे, घोटे, रक्तदाब, सगळं एका दोरीने बांधलेलं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, आजी, शिळं बंद, आणि जेवण आत्ता आहे त्याच्या निम्मं. मामी हो हो करत होत्या. मी आणि बायको एकमेकांकडे पाहत होतो. निम्मं म्हणजे कुणाचं निम्मं, हे आम्हा दोघांनाच माहीत होतं.

बसस्टँडवर त्यांना सोडून परतताना बायको म्हणाली, "बाबाच्या ओंजयी काढून टाक, असं मी नाई सांगनार आईले. तुमी सांगा." मी म्हटलं, मीही नाही सांगणार. दिवसभर वजा करणं हाच माझा धंदा, पण हे माझ्याच्याने होण्यासारखं नव्हतं. आणि नाही सांगितलं तर काय होईल तेही दिसत होतं. त्या दोन ओंजळी बाईला संपवणार होत्या.

शुक्रवारी मामींचाच फोन आला, आणि तोही माझ्या फोनवर. तसं त्या कधी करत नाहीत. "जवाईबापू," त्या म्हणाल्या, "कोरडं देता येते ना?"

"म्हणजे?"

"शिधा. शिळं नाई देता येत कोनाले, पन कोरडं तं देता येते. त्यात उष्टं नाई, खरकटं नाई. त्यायच्या दोन ओंजयी रोज मी येगळ्या डब्यात टाकीन. आठवड्याचं झालं का भांडेवालीले देईन, वर गुळाचा खडा. त्यायच्या नावानं. चालते का असं?"

एवढं मोठं त्यांनी शोधून काढलं होतं आणि चालतं का म्हणून मला विचारत होत्या. मी कसंबसं "चालते न मामी" म्हटलं आणि फोन ठेवला. अडत्याने विचारलं, काय झालं मापारी? मी म्हटलं, सोयाबीनची धूळ गेली डोळ्यांत.

आता या गोष्टीला सव्वा वर्ष होत आलं. मामी सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत चालत जातात, तिथे एका ओट्यावर बसतात आणि परत येतात. आधी टोकापर्यंत जाता येत नव्हतं. नऊ किलो उतरलंय, घोटे दिसायला लागलेत. साखर कधी नीट असते, कधी नसते. माझं वजन चौऱ्याण्णववर येऊन थांबलंय, आणि डॉक्टरीणबाई म्हणतात थांबलं तरी चालेल, परत नका जाऊ. आम्ही दोघंही अधूनमधून घसरतो. दिवाळीत मामींनी फोन करून चिवड्याची कबुली दिली, मी चकलीची दिली.

पण मला सांगायचा आहे तो फोननंतरचा पहिला रविवार.

आम्ही पोचलो तेव्हा कणकेचा डबा ओट्यावर होता आणि शेजारी एक नवा, स्वच्छ घासलेला डबा. मामींनी दोन ओंजळी त्या नव्या डब्यात सोडल्या. मग परातीत एक स्वतःची टाकली, एक पोरीची, आणि माझी पहिली. दुसरी भरणार तेवढ्यात मी म्हटलं, "मामी, माझीसुद्धा एकच." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओंजळ डब्यात परत सोडली आणि मळायला बसल्या. परातीत गोळा इतका लहान दिसत होता की बायको तिकडे पाहेना.

पोळ्या व्हायला लागल्या आणि मग लक्षात आलं, की मोजून केलं की शेवटी बसणाऱ्याला कमी पडतं. मामी जन्मभर शेवटी बसल्या. आधी सासू-सासरे, मग नवरा, मग जावई आणि पोर, आणि मग त्या, डब्यात जे असेल ते. उरणारच नसेल तर त्यांनी खायचं काय? बायकोने त्यांच्या हातातलं लाटणं काढून घेतलं. "आई, तू बस. मी करतो."

"जवाईबापूच्या आंधी?" मामी घाबरल्याच.

"मी तुमच्याबरोबर बसतो," मी म्हटलं. "तुम्ही नाही बसलात तर मीही नाही."

मग त्या बसल्या. माझ्यासमोर नाही, जरा तिरप्या, भिंतीकडे तोंड करून, पदर नीट सावरून. बायकोने तव्यावरची पहिली पोळी काढली, फुगलेली, वाफ सुटलेली, आणि ती माझ्या ताटात न वाढता आईच्या ताटात ठेवली. मामींना ती मोडता येईना. बोटं भाजत होती. आयुष्यभर हजारो पोळ्या तव्यावरून हाताने काढल्या त्यांनी, पण ताटातली गरम पोळी कशी मोडायची याची सवय नव्हती. शेवटी एक तुकडा तोडला, भाजीला लावला आणि तोंडात घातला.

त्या चावायच्या थांबल्या. मला वाटलं चटका बसला. मी पाण्याचा गडू पुढे सरकवला. त्यांनी तो घेतला नाही. हळूहळू तो घास खाल्ला, दुसरा तुकडा तोडला, तोही खाल्ला. मग पदराने डोळे पुसत तव्याकडे पाहून पोरीला म्हणाल्या, "तुह्या बाबाले मी रोज अशी वाढो. मले वाटे, मी मांगं लागतो म्हनून थे खात." त्यांनी ताटातल्या पोळीवर हात ठेवला. "हे तं खरंच चांगली लागते वो."

बायकोने तवा तसाच सोडला आणि ती आईकडे वळली. दुसरी पोळी करपायला लागली होती. तिने घाईघाईने ती उलटली आणि विचारलं, "आई, अजून एक देऊ?"

"थांब," मामी म्हणाल्या. "आंधी हे खाऊ दे."